गरम बेटावरचे पेंग्विन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंग्विन म्हटलं की बर्फ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गॅलापागोसच्या पेंग्विनचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आले ते इथे एकत्र केलेत. उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तेवढं बघून घ्या.

१. काळ्या दगडावर, निवडुंगाशेजारी उभा असलेला पेंग्विन. हा फोटो खरा आहे की एआयने बनवलाय?

खरा आहे. तो काळा दगड म्हणजे गार झालेला लाव्हा, आणि तो पक्षी म्हणजे गॅलापागोस पेंग्विन. उंची जेमतेम ५० सेंटीमीटर म्हणजे आपल्या गुडघ्याएवढा, वजन साधारण दोन-अडीच किलो. माहितीपटांत दिसतो तो एम्परर पेंग्विन याच्या दुपटीहून उंच असतो, वजनाचं तर विचारूच नका. शास्त्रीय नाव स्फेनिस्कस मेंडिक्युलस, १८७१ मध्ये सुंडेवाल नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने ठेवलेलं, आणि त्यातल्या मेंडिक्युलसचा अर्थ होतो छोटा भिकारी. का ठेवलं असेल कोण जाणे, पण वाकून, खांदे पाडून उभा असलेला पेंग्विन बघितला की मला तरी ते नाव पटतं (तो तसा का उभा राहतो ते प्र. ५ मध्ये).

२. हे बेट नेमकं कुठे आहे?

एक बेट नाही, बेटांचा पुंजका आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशाच्या किनाऱ्यापासून साधारण १००० किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात. मॅपवर इसाबेला बेट शोधा, समुद्रघोड्यासारखा आकार आहे, लगेच सापडतं. त्याच्या पश्चिमेला चिकटूनच फर्नांदिना आहे. बहुतेक सगळे पेंग्विन या दोन बेटांच्या किनाऱ्यावर राहतात. थोडेफार सांतियागो, बार्तोलोमे, सांताक्रूझचा उत्तर भाग आणि फ्लोरेआना इथेही आहेत. आणि हो, समुद्रघोड्याच्या डोक्यावरून चक्क विषुववृत्त जातं.

३. विषुववृत्तावर समुद्राचं पाणी थंड कसं काय असू शकतं? भूगोलात तर उलटं शिकवलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या आसपास व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि वरवरचं तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या दिशेने ढकलत राहतात. तिकडे पाणी साचतं, आणि त्याच्या दाबाने पृष्ठभागाखालचं गार पाणी, साधारण १०० मीटर खोलीवरून उलट दिशेने म्हणजे पूर्वेकडे वाहत येतं. वर एकीकडे आणि खाली बरोबर उलटीकडे. हा खालचा प्रवाह १९५२ मध्ये टाउनसेंड क्रॉमवेल यांना सापडला, म्हणून क्रॉमवेल प्रवाह. आता हा थंड प्रवाह हजारो किलोमीटर येतो आणि त्याच्या वाटेत पहिली भिंत कोणती लागते तर गॅलापागोस. समुद्राच्या तळापासून उठलेले ज्वालामुखीच आहेत ते सगळे. पाणी भिंतीला धडकतं आणि वर चढतं, आणि ते चढतं कुठे, तर इसाबेला आणि फर्नांदिनाच्या पश्चिम बाजूला. पेंग्विन नेमके तिथेच का राहतात ते आता कळलं असेल.

शिवाय पेरूकडून येणारा हंबोल्ट प्रवाहही गारवा आणतो, साधारण जून ते नोव्हेंबर त्याचा जोर जास्त. त्या दिवसांत तिथे हवा ढगाळ असते आणि भुरभुर पाऊस पडतो, स्थानिक लोक त्याला गारुआ म्हणतात.

खोलातून वर आलेलं पाणी नुसतं थंड नसतं, त्यात खतासारखी पोषकद्रव्यं असतात. त्यावर शेवाळासारखे सूक्ष्म जीव फोफावतात, त्यांच्यावर बारीक मासे, आणि माशांवर पेंग्विन. आपल्याकडे पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी असंच वर येतं आणि तारलीच्या थव्यांचं गणित बरंचसं त्यावर चालतं. कोळी लोकांना हे वेगळं सांगायला नको.

४. मग हा पेंग्विन गरमीला सरावलाय असं म्हणायचं की नाही?

अर्धं अर्धं. जमिनीवर ऊन, पाण्यात गारवा, असं त्याचं दुहेरी आयुष्य आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की 'गरमीत राहणारा पेंग्विन' ही ओळख अर्धवट आहे. तो जगतो थंड पाण्याच्या जिवावर, जमिनीवरची गरमी तो फक्त सोसतो. ती सोसायची सोय मात्र अंगात आहे. एक तर तो लहानखुरा आहे, आणि लहान शरीरातून उष्णता लवकर बाहेर पडते. चोचीच्या आणि डोळ्यांच्या आसपास उघडी कातडी आहे, तिथून गरमी निघते. बर्फातल्या भाऊबंदांएवढी पिसांची आणि चरबीची जाड रजई याच्या अंगावर नाही. उरलेलं सगळं त्याच्या वागण्यात आहे. ऊन तापलं की पाण्यात, नाहीतर लाव्हाच्या कपारीत सावलीला, आणि कुठेच जमलं नाही तर कुत्र्यासारखी तोंड उघडून धाप टाकणं.

५. तापलेल्या लाव्हावर पाय भाजत नाहीत का?

भाजू शकतात, म्हणूनच तर तो तसा वाकून उभा राहतो. दोन्ही फ्लिपर (म्हणजे वल्ह्यासारखे पंख) अंगापासून लांब पसरायचे आणि पुढे झुकायचं. यात दोन कामं एकदम होतात: फ्लिपरच्या आतल्या बाजूने उष्णता बाहेर जाते, आणि फ्लिपरची आणि अंगाची सावली पायांवर पडते. पिसं नसलेले पाय उन्हात उघडे राहिले की तिथली कातडी पोळते. म्हणजे भर दुपारी एसटी स्टँडवर डोक्यावर पेपर धरून उभा असलेला माणूस आठवा, फक्त याची छत्री पायांसाठी.

६. त्या बेटांवर नदी-ओढे नाहीत म्हणतात. मग पितात काय?

समुद्राचंच पाणी. डोळ्यांच्या वर एक ग्रंथी असते, ती रक्तातलं जादा मीठ गाळते आणि खारट थेंब चोचीवरून ओघळतात. मग तो डोकं झटकतो किंवा शिंकल्यासारखं करतो. 'पेंग्विनला सर्दी झालीय' असे व्हिडिओ फिरतात ना, ते हेच. बहुतेक सगळ्या समुद्री पक्ष्यांकडे ही सोय असते, खास याचं काही नाही.

७. खातात काय? आणि पेलिकनच्या आसपास का घुटमळतात?

बारीक मासे, थव्याने फिरणारे. आपल्या भाषेत सांगायचं तर पेडवे, मांदेली, बोय यांचे तिकडचे जातभाई. बहुतेक शिकार किनाऱ्याजवळ आणि काहीच मीटर खोलीवर चालते. थवा दिसला की चार-पाच जण मिळून खालून वर ढकलत नेतात. मासे पृष्ठभागाशी आले की वर पेलिकन टपलेलेच असतात, ते धपाकन चोचीची पिशवी टाकतात. आणि त्या पेलिकनच्या डोक्यावर किंवा पाठीवर नॉडी नावाचा छोटा तपकिरी पक्षी बसलेला असतो, पेलिकनने पिशवीतलं पाणी सोडलं की त्याबरोबर निसटणारा मासा उचलायला. त्यामुळे कोण कोणाच्या आसपास घुटमळतंय ते विचाराल तर खरं काम पेंग्विनचं आणि बाकी सगळे पंगतीला आलेले.

८. यांचा विणीचा हंगाम कुठला?

ठरलेला हंगाम नाही, आणि मला या पक्ष्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. अंटार्क्टिकातल्या पेंग्विनचं कॅलेंडर पक्कं असतं कारण तिथला उन्हाळा ठरल्या वेळी येतो. गॅलापागोसला थंड पाणी कधी किती येईल याचा नेम नाही. म्हणून हे पाण्याचा अंदाज घेतात: पाणी गार आहे, मासा आहे, चला अंडी घालू. वर्षाच्या कुठल्याही महिन्यात. चांगलं वर्ष असेल तर दोनदा, कधी तीनदाही. पाणी तापून २५ अंशांच्या पुढे गेलं आणि मासा गायब झाला की अंडी, पिल्लं सगळं सोडून देतात. ऐकायला क्रूर वाटतं पण उपाशी आई-बाप मेले तर पिल्लू तसंही जगणार नसतं, आणि आई-बाप जगले तर पुढच्या गार पाण्यात परत घर मांडता येतं.

अंडी दोन, तीन-चार दिवसांच्या अंतराने. ३८ ते ४० दिवस उबवण, नर-मादी आळीपाळीने. पिल्लू साधारण दोन महिन्यांनी पाण्यात उतरतं. बहुतेक वेळा दोनातलं एकच वाचतं. पाण्यात उतरलेल्या, पूर्ण पिसं आलेल्या पिल्लालाही आई-बाप कधीकधी किनाऱ्यावर भरवताना दिसलेत, पेंग्विनमध्ये हे दुर्मिळ आहे. म्हणजे इंजिनिअर झालेल्या मुलाला डबा पाठवण्यासारखं.

९. मी बघितलेल्या व्हिडिओतला पेंग्विन अगदी फाटक्या गोधडीसारखा दिसत होता. आजारी होता का?

बहुधा नाही, पिसं टाकत असणार. जुनी पिसं गळून नवी येतात त्या दिवसांत पिसं पाणी अडवू शकत नाहीत, म्हणून समुद्रात जाता येत नाही, म्हणून दोनेक आठवडे सक्तीचा उपास. बाकीचे बहुतेक पेंग्विन हे वर्षातून एकदा, पिल्लं मोठी झाल्यावर करतात. गॅलापागोसचे वर्षात साधारण दोनदा करतात आणि तेही विणीच्या आधी. कारण प्र. ८ मधलंच: पिल्लं वाढवून झाल्यावर मासा असेलच याची खात्री नाही, आणि दमलेल्या अंगाने उपास पडला आणि वर पाणी तापलं तर संपलंच. त्यापेक्षा अंगावर चरबी आहे तोवर कपडे बदलून घ्यायचे, मग संसार. नव्या पिसांनिशी पाण्यात उतरता येतं, आणि मध्येच मासा गेला तर अंडी सोडून लांब जायची मोकळीक राहते.

१०. नर पेंग्विन मादीला खडा गिफ्ट देतो आणि मग ते आयुष्यभर एकत्र राहतात, ते हेच का?

खड्याची रील अ‍ॅडेली आणि जेंटू पेंग्विनची, ते खड्यांचीच घरटी करतात म्हणून त्यांच्यात खड्याला भाव. गॅलापागोसचे लाव्हाच्या भेगा, कपारी, छोट्या गुहा शोधतात कारण अंड्यांना सावली हवी. उघड्यावर अंडं ठेवलं तर ते उबवायची गरजच नाही, उकडूनच निघेल. जोडी मात्र बरीच वर्षं टिकते हे खरं. एकमेकांची पिसं साफ करतात, चोचीवर चोच वाजवतात. आवाज मात्र अजिबात रोमँटिक नाही, गाढव रेकतं तसा आहे.

११. अल निनो आला की पेंग्विन मरतात असं वाचलं. बातम्यांत आपल्या पावसाबद्दल बोलतात तोच अल निनो का?

तोच. प्र. ३ मधले व्यापारी वारे काही वर्षांनी ढिले पडतात. मग पश्चिमेला ढकललेलं गरम पाणी पूर्वेकडे पसरतं, क्रॉमवेल प्रवाह मंदावतो, वर येणारं थंड पाणी जवळजवळ बंद, मासा गायब. पेंग्विनच्या दृष्टीने हा दुष्काळच, फक्त पाण्याच्या आत पडलेला.

१९८२-८३ च्या अल निनोत त्यांची संख्या ७७ टक्क्यांनी घसरली. थोडी सावरते तोवर १९९७-९८ चा आला, त्यात परत जवळपास ६५ टक्के. कोणी गोळ्या घातल्या नाहीत, जाळ्यात पकडले नाहीत, फक्त समुद्र तापला आणि पोटाला मिळेना. माद्या आकाराने लहान, त्यामुळे उपासमारीत त्या जास्त मरतात आणि मग पुढे सावरायलाही वेळ लागतो. उलट ला निना आली की पाणी जास्त गार, आणि पेंग्विनची चंगळ.

१२. पण १९९७ ला आपल्याकडे तर पाऊस व्यवस्थित झाला होता. मग संबंध कसा?

बरोबर पकडलंत. १९८२ ला अल निनो होता, आपल्याकडे पावसाने दगा दिला. १९९७ चा त्याच तोडीचा होता, शतकातल्या सगळ्यात जोरदारांपैकी, तरी भारतात मान्सून सरासरीएवढा पडला. आपल्या पावसावर अल निनो हा एकच घटक नसतो, हिंद महासागराचंही स्वतःचं काहीतरी चालू असतं, त्या वर्षी त्याने हात दिला. गॅलापागोस मात्र अल निनोच्या अगदी तोंडावर बसलंय, तिथे मधे कोणी हात द्यायला नाही. म्हणून आपल्याकडे अल निनोची शक्यता वर्तवतात आणि तिकडे तो पेंग्विनच्या पोटात आधी कळतो.

१३. क्विझमध्ये विचारलं होतं, 'उत्तर गोलार्धात राहणारा एकमेव पेंग्विन कोणता?' मी म्हटलं मग मुंबईतले पेंग्विन कुठल्या गोलार्धात आहेत? माझे मार्क कापले.

मार्क परत मागा. प्रश्नात 'निसर्गात' हा शब्द हवा होता. इसाबेलाचं वरचं टोक विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला जातं, तिथे हे राहतात, म्हणून निसर्गात उत्तर गोलार्धात असणारा एकमेव पेंग्विन हाच. पण अंतर पाहिलंत तर हसू येईल, काही किलोमीटरांचा मामला आहे. जोरात पोहला तर सकाळचा नाश्ता एका गोलार्धात आणि दुपारची झोप दुसऱ्यात.

१४. राणीच्या बागेतले पेंग्विन हेच का? आणि ते गरम देशातले असतील तर एसी कशाला?

हेच नाहीत, पण सख्खे चुलत भाऊ म्हणा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहेत ते हंबोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले, त्यातला एक त्याच वर्षी गेला, मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळायला लागले. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू जन्मलं, ते आठवडाभरही धड जगलं नाही, पण नंतर तिथे पिल्लं झाली आणि वाढलीही. (यावरच्या राजकारणाचे प्रश्न कृपया पाठवू नका, पेंग्विनने कोणालाच मत दिलेलं नाही.)

एसीबद्दल: तिथे १६ ते १८ अंश तापमान ठेवतात. हंबोल्टला निसर्गात ऊन सोसतं हे खरंय, पण तिथे कोरडी हवा आणि पायाशी गार समुद्र असतो. मुंबईत घाम वाळत नाही अशी दमट हवा, पायाशी गार समुद्र नाही, आणि पिंजऱ्यातल्या पेंग्विनना बुरशीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार आणि डासांमुळे होणारा पक्ष्यांचा मलेरिया हे दोन मोठे धोके. बंद आणि थंड जागेत दोन्ही जरा आटोक्यात राहतात. बाकी प्राणिसंग्रहालयात छातीवर काळा पट्टा असलेला पेंग्विन दिसला तर तो जवळजवळ नक्की हंबोल्ट, आफ्रिकन किंवा मॅगेलॅनिक. गॅलापागोसचा बघायचा तर तिथेच जावं लागतं (प्र. २१).

१५. मग गॅलापागोसचे पेंग्विन कोकणात किंवा लक्षद्वीपला सोडले तर जगतील का? तिथेही गरमच आहे की.

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि विचारणारा प्रत्येक जण आपल्यालाच सुचलाय अशा थाटात विचारतो. नाही जगणार. गरमी तीच, पण पाणी ते नाही. आपल्या किनाऱ्याजवळचा समुद्र वर्षाचा बराचसा काळ २६ ते ३० अंशांत असतो, म्हणजे गॅलापागोसच्या पेंग्विनसाठी कायमचा अल निनो. केरळकडे पावसाळ्यात गार पाणी वर येतं म्हटलं, पण ते काही महिन्यांपुरतं. शिवाय लाव्हाच्या कपारी नाहीत, आणि किनाऱ्यावर कुत्री, मांजरं, उंदीर, कावळे. एक आठवडासुद्धा मला जास्त वाटतो. आणि समजा चुकून जगलेच, तर आपल्या समुद्रात परके पक्षी सोडायचे कशाला?

१६. गरम हवेत राहणारा हा एकटाच पेंग्विन का? बाकीच्यांपासून ओळखायचा कसा?

एकटा नाही. स्फेनिस्कस कुळात चौघे आहेत. आफ्रिकन पेंग्विन दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात, केपटाऊनजवळच्या बोल्डर्स बीचवर माणसांच्या गर्दीत वाळूवर फिरतात. त्यांच्या डोळ्यांवर गुलाबी कातडी असते, ऊन वाढलं की तिथे जास्त रक्त येतं आणि गार होऊन परत जातं. २०२४ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं गेलं, हे सांगायला नको वाटतं पण आहे. हंबोल्टचं वर आलंच. चौथा मॅगेलॅनिक, अर्जेंटिना, चिली आणि फॉकलंडकडचा. ऑस्ट्रेलियातला लिटल पेंग्विन वेगळ्या कुळातला, जगातला सगळ्यात छोटा.

ओळखायची साधी पद्धत: मॅगेलॅनिकच्या छातीवर दोन ठळक काळे पट्टे. आफ्रिकन आणि हंबोल्टच्या एकच, त्यात हंबोल्टच्या चोचीच्या मुळाशी गुलाबी मांसल भाग जास्त दिसतो. गॅलापागोसचा या चौघांत सगळ्यात लहान, पट्टे पुसट, आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंत पांढरी बारीक रेघ, खडूने ओढल्यासारखी.

१७. हे अंटार्क्टिकाहून बर्फाच्या तुकड्यावर बसून वाहत आले का?

नाही हो. त्यांचा सगळ्यात जवळचा नातलग हंबोल्ट, म्हणजे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून थंड प्रवाहाबरोबर आलेले असणार हे बहुतेकांना मान्य आहे. अंटार्क्टिका मधे येतच नाही.

आणि 'पेंग्विन मूळचे बर्फातले आणि काही चुकून गरम जागी गेले' ही समजूतच उलटी आहे. पेरूच्या वाळवंटात सापडलेल्या इकाडिप्टेस नावाच्या पेंग्विनचे जीवाश्म सुमारे ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, त्याची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दीड मीटर उंच होता, म्हणजे आपल्या सातवी-आठवीतल्या पोराएवढा, आणि चोच भाल्यासारखी. तेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच गरम होती. म्हणजे विषुववृत्ताच्या बाजूला येणं पेंग्विनना नवीन नाही.

१८. यांना धोका कोणाचा?

पाण्यात शार्क, सी लायन वगैरे. जमिनीवर गॅलापागोसचा ससाणा, घुबड, साप, आणि अंड्यांवर खेकडे. हे सगळे तिथलेच, हजारो वर्षांचा हिशोब आहे त्यांचा. खरी डोकेदुखी माणसाबरोबर आलेल्यांची. इसाबेलावर मांजरं आणि उंदीर आहेत. पेंग्विन रात्री कपारीत झोपतो, पळायची जागा नसते, त्यामुळे वसाहतीत एक मांजर शिकारीला सवकलं तरी पुरे. फर्नांदिनावर बाहेरून आलेले सस्तन प्राणी अजून पोचलेले नाहीत, आणि ते तसंच राहावं म्हणून तिथे जाणाऱ्या बोटींची कडक तपासणी असते. तुमच्या बुटाला चिकटलेलं बी सुद्धा तिथे चालत नाही.

दुसरी काळजी डासांची. क्युलेक्स जातीचा डास, तोच जो आपल्याकडे गटारात वाढतो, १९८० च्या दशकात तिथे पोचला. २००९ मध्ये पेंग्विनच्या रक्तात मलेरियाच्या कुळातला परजीवी सापडल्याचं जाहीर झालं. त्याने धडाधड पेंग्विन मेले असं झालेलं नाही, पण हवाई बेटांवर अशाच मलेरियाने कित्येक स्थानिक पक्षी संपले, म्हणून लक्ष ठेवून आहेत.

१९. किती उरलेत? आणि कोणी काही करतंय का?

मोठे, वीण घालू शकणारे साधारण १२०० च्या आसपास धरतात. २००० सालापासून संकटग्रस्त यादीत आहेत. मोठा अल निनो आला की आकडा कोसळतो, नंतर हळूहळू चढतो, त्यामुळे एकाच वर्षाच्या मोजणीवर फार विसंबू नका.

करणाऱ्यांत डी बोर्स्मा यांचं नाव आधी घ्यावं लागेल. १९७० पासून या पेंग्विनवर काम करणाऱ्या या अमेरिकन बाई. त्यांच्या लक्षात आलं की मासा असतो तेव्हासुद्धा चांगल्या सावलीच्या कपारी कमी पडतात, आणि असतात त्यात कधी समुद्री इग्वाना (घोरपडीसारखे मोठे सरडे) घुसून बसतात. म्हणून २०१० मध्ये त्यांच्या टीमने लाव्हाचेच दगड रचून १२० घरटी बांधली. खर्च फारसा नाही, यंत्र नाही, दगडावर दगड. पेंग्विनने त्यातली काही वापरायलाही घेतली. मला हा उपाय फार आवडतो, कारण अल निनो थांबवणं कोणाच्या हातात नाही, पण चांगलं वर्ष येईल तेव्हा राहायला खोली तयार ठेवणं आहे.

२०. जग तापतंय तर गरमी सोसणारा हा पेंग्विन उलट जास्त टिकेल ना?

प्र. ४ परत वाचा. जमीन दोन अंशांनी तापली तर तो एकवेळ निभावेल. त्याचं सगळं अडलंय थंड पाण्यावर. जोरदार अल निनो जास्त वेळा यायला लागले तर दोन संकटांच्या मधे सावरायला वेळच मिळणार नाही, ही खरी भीती.

यात एक गंमतीची उलटी गोष्टही आहे. २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं मांडलं होतं की त्याआधीच्या तीनेक दशकांत वाऱ्यांमध्ये बदल होऊन इसाबेलाजवळचा थंड पाण्याचा पट्टा उत्तरेकडे थोडा पसरला, आणि पेंग्विनची संख्या वाढायला त्याचा हातभार लागला असावा. म्हणजे तापमानवाढीच्या काळात यांचा कोपरा गार झाला. पण हे बघून कोणी 'बघा, काही होत नाही' असं फॉरवर्ड करू नका. तो पट्टा आहेच केवढा, आणि एका मोठ्या अल निनोत तो पुसला जातो.

२१. बघायला जायचंय. कुठे दिसतील, आणि किती जवळ जाता येतं?

इक्वाडोरमधल्या कितो किंवा ग्वायाकिल शहरातून विमानाने बाल्ट्रा किंवा सान क्रिस्तोबालला. भारतातून प्रवास लांबलचक आणि महाग, खोटं कशाला बोलू. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी माणसाला गॅलापागोस नॅशनल पार्कची एन्ट्री फी २०० डॉलर आहे, आधी १०० होती. बार्तोलोमेला सुळक्यासारख्या खडकाजवळ दिसतात, इसाबेलावर प्वेर्तो व्हियामिल गावाजवळच्या तिंतोरेरास खडकांवर दिसतात, तिथे गावातून छोट्या बोटीने जाता येतं. भरपूर बघायचे असतील तर इसाबेलाच्या पश्चिमेची टॅगस कोव्ह, एलिझाबेथ बे ही ठिकाणं, पण तिकडे क्रूझच लागते. क्रूझ घेतलीच तर उडता न येणारा पाणकावळाही बघून घ्या, तोही याच थंड पाण्यावर जगतो आणि जगात फक्त इसाबेला आणि फर्नांदिना या दोन बेटांच्या किनाऱ्यावर आहे.

नियम साधा: दोन मीटर अंतर, फ्लॅश बंद, खायला काही द्यायचं नाही, गाईडशिवाय फिरायचं नाही.

२२. आणि पेंग्विनच दोन मीटरच्या आत आला तर?

येतो, विशेषतः स्नॉर्कलिंग करताना. तुम्ही पाण्यात तरंगत असता आणि तो काळ्या बाणासारखा चष्म्यासमोरून जातो, कधी वळून परत येऊन बघतोही. अशा वेळी हात लांब करायचा नाही, मागे पोहायचं नाही, आहे तिथे शांत राहायचं. तो तुमच्यासाठी आलेला नसतो. तुमच्या सावलीत बारीक मासे जमलेले असतात, त्यासाठी आलेला असतो.